चिमणीचं माप

तोंडात टाचण्या असल्या की टेलरबाई कशालाही "हूं" म्हणतात, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, परवा मिळेल ना?" हूं. "बाह्या जरा लांब ठेवाल?" हूं. नवरा मालवाहू ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. तो फोनवर विचारायचा, "बरी आहेस ना?" त्यालाही हूं. मुरलेली गिऱ्हाइकं शहाणी झाली होती. टाचण्या डबीत पडल्याशिवाय महत्त्वाचं काही बोलायचीच नाहीत. घरच्या कार्टीने मात्र या हूंचा फायदा लहानपणापासून उचलला. मैत्रिणीकडे राहायला जाऊ? हूं. तुझी मोठी कात्री घेऊ? हूं. नंतर बाई ओरडल्या की ही कमरेवर हात ठेवून उभी, "तूच हो म्हणालीस."

तेव्हा हसू यायचं. आता त्या हूंची आठवण झाली की बाईंना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दोन मशीन, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा, आणि मधोमध कापड बेतायचं लांब टेबल. या टेबलावर बावीस वर्षं काढलेली. बाईंना हे काम त्यांच्या आत्याने शिकवलं. आत्या खवट होती, पण हाताची पक्की. तिचे दोन नियम. एक, शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचं, कारण माणसाचं अंग काही दगडाचं नसतं. आणि दुसरा, माप डोळ्यांनी बघायचं, वहीत लिहायचं, तोंडाने उच्चारायचं नाही. बाजारातले मास्तर भर दुकानात ओरडतात, "कंबर चाळीस, लिही." बाईंकडे तसलं काही नाही. टेप फिरायची, पेन्सिल चालायची, गप्पा भलत्याच विषयावर. म्हणून तर अंगाने भरलेल्या बायका दोन-दोन बस बदलून इथवर यायच्या. बावीस वर्षांत एकीचाही आकडा बाईंच्या तोंडून बाहेर पडला नव्हता, आणि त्याचा बाईंना गर्व होता. का नसावा?

लेकीला घरी ठकी म्हणत. तिची मैत्रीण चिमणी. दोघी बालवाडीपासूनच्या. चिमणीला चिमणी म्हणायचे ते तिच्या चिवचिवाटामुळे, अंगाने पोरगी पहिल्यापासून गुबगुबीत. पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला, पहाटे बाहेर पडायची ती दुपारी उशिरा घरी. त्यामुळे पोरगी शाळा सुटली की बाईंच्या टेबलाखालीच. चिंध्यांच्या ढिगात बसून दोघी बाहुल्यांचे कपडे शिवायच्या आणि चिमणीची टकळी मशीनच्या आवाजाच्या वर चालू असायची. एका ताग्यातून दोघींचे फ्रॉक निघायचे. चिमणीला कापड जास्त लागायचं, ठकीचं त्यातच बसायचं. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. चिमणीलाही नाही, हे विशेष.

मग तयार कपडे फोनवरून घरपोच यायला लागले आणि बाईंचं दुसरं मशीन झाकून ठेवायची वेळ आली. ठकी म्हणाली, "आई, आपण दुकानाचं पेज काढू. मी व्हिडिओ करते, तू फक्त काम कर." बाई म्हणाल्या, "माझं थोबाड दाखवू नकोस म्हणजे झालं." पोरीने खरंच फक्त हात दाखवले. खडूची रेघ, कापडातून सरसर जाणारी कात्री, मशीनखालून निघणारी टीप. लोकांना ती कात्री ऐकायला आवडायची म्हणे. आता कात्री काय ऐकायची, बाईंना कळेना. पण खाली कुणी लिहिलं, काय सफाई आहे हाताला, की त्या दोनदा वाचून घ्यायच्या. खोटं कशाला बोला, बाईंनाही गोडी लागली होती.

दोघींचं शाळेचं शेवटचं वर्ष. निरोपाच्या कार्यक्रमासाठी दोघींना एकाच निळ्या कापडाचे ड्रेस शिवायचे ठरले. चिमणीचा आधी बेतायला घेतला. बेतताना बाई मापाची वही शेजारी उघडी ठेवतात, त्याशिवाय आकडे दिसणार कसे? ठकी फोन घेऊन टेबलाभोवती फिरत होती, चिमणी पडद्यामागून डोकावून वेडीवाकडी तोंडं करत होती. झकास व्हिडिओ झाला. आणि त्यात दोन सेकंद वहीचं पान दिसत होतं. वर नाव, खाली मापं, बाईंच्या ठसठशीत अक्षरात.

बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की त्या आठवड्यात आठ नवी गिऱ्हाइकं आली आणि दुसऱ्या मशीनवरची चादर निघाली. आणि चिमणी यायची बंद झाली.

"काय गं, चिमणी कुठे आहे?"

"अभ्यास असेल."

"अभ्यास? तिला?"

ठकीने मान वर केली नाही. हल्ली ती मान वर करायचीच नाही. जेवताना फोन ताटाशेजारी, डोळे तिथे, घास गार. मध्येच गालातल्या गालात हसायची, लगेच तोंड आंबट. "काय झालं?" विचारावं तर, "कालच्यापेक्षा कमी आलेत." काय कमी आलेत? गिऱ्हाइकं? नाही, बघणारे. बघणारे कमी आले म्हणून माझी पोरगी जेवत नाही, हे कुणाला सांगावं? बाईंनी एकदा फोन काढून घेतला तर ठकी दोन दिवस बोलली नाही. परत दिला तरी बोलली नाहीच. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. शाळेतल्या एक शिक्षिका ब्लाउज शिवायला यायच्या, त्या सहज बोलून गेल्या, "तुमची ठकी हल्ली जिन्यात एकटीच डबा खाते." हजारो लोक या पोरीचे व्हिडिओ बघत होते आणि डबा खायला शेजारी एक जण नव्हतं.

सात आठवड्यांनी एका दुपारी चिमणी आली. ठकी क्लासला गेलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि पोरीने फुल बाह्यांचा स्वेटर घातलेला.

"मावशी, ड्रेस घालून बघायचाय. आईने पाठवलं."

"अगं, किती दिवसांनी. बस. चहा टाकते, बिस्किटं आहेत."

"नको, जेवूनच आले."

चिमणी आणि बिस्किटाला नको म्हणतेय? बाईंनी ड्रेस दिला. ती पडद्याबाहेर आली. तिच्याच मापाने शिवलेला ड्रेस खांद्यावरून ओघळत होता. मानेखालची हाडं दिसत होती. बाईंनी टेप कमरेभोवती फिरवली, आकडा बघितला, चूक झाली असेल म्हणून परत फिरवली. टेप खोटं बोलत नाही. सवयीने हात वहीकडे गेला.

"मावशी, वहीत लिहू नका."

"का गं?"

"नका ना लिहू."

मग निघालं सगळं, तुकड्या-तुकड्याने. वर्गातल्या कुणीतरी व्हिडिओ नेमका त्या दोन सेकंदांवर थांबवला, पानाचा फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून चिमणीचं नाव पडलं अडतीस, वहीतला कमरेचा आकडा. फळ्यावर अडतीस, बाकावर अडतीस. हजेरीत अडतीस नंबर दुसऱ्याच मुलीचा होता, पण सरांनी तो पुकारला की अख्खा वर्ग चिमणीकडे बघून खिदळायचा. घरी आलं की संपलं, असंही नाही. फोन उघडला की तेच. शाळा सुटते, ग्रुप थोडाच सुटतो?

"मला सांगायचं नाहीस का वेड्ये? मी तिथल्या तिथे काढायला लावला असता."

चिमणीने पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हीच राहू दे म्हणालात ना. मी ठकीला सांगितलं काढ, तर ती म्हणाली, आईला विचारलं, आई म्हणते राहू दे."

बाईंना आठवत नव्हतं, पण न आठवताही कळलं. कुणाच्या तरी अंगावर ड्रेस टाचत असतील, तोंडात टाचण्या, मागून ठकीने विचारलं असेल. आणि त्या म्हणाल्या असतील, हूं.

चिमणी ड्रेस उतरवून बाहेर आली आणि अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "मावशी, आत घ्याल तेव्हा जास्तीचं कापड ठेवू नका. कापून टाका."

"अगं, ते असू दे. पुढे लागतं."

"नाही लागणार. मला परत लागूच द्यायचं नाहीये. कापून टाका म्हणजे प्रश्नच नाही." मग दारात थांबून म्हणाली, "आणि आईला काही सांगू नका. शप्पथ आहे."

बावीस वर्षांत बायकांनी बाईंना नाही नाही ते सांगितलं होतं. घट्ट करा, सैल करा, पोट झाकेल असं काहीतरी करा. जास्तीचं कापड कापून टाका असं कुणी म्हणालं नव्हतं. सोळा वर्षांची पोर, आणि स्वतःला परतीची वाट ठेवू नका म्हणतेय. बाई दार लावून तशाच बसून राहिल्या. त्या दुपारी त्यांनी एक शिवण घातली नाही.

ठकी आली तशी बाईंनी चप्पलसुद्धा काढू दिली नाही. "तो व्हिडिओ काढ. आत्ता. माझ्यासमोर."

कुठला, असं ठकीने विचारलं नाही. तिचा चेहरा उतरला. "तूच हूं म्हणाली होतीस."

"टाचण्या होत्या माझ्या तोंडात. तुझ्या तोंडात काय होतं?"

"मी विचारलं होतं तुला."

"विचारलंस? मला कधी विचारायचं ते तुला पाळण्यात असल्यापासून कळतं. तुला हो हवं होतं म्हणून तू तेव्हा विचारलंस."

ठकी रडायला लागली. बाईंना त्या रडण्याचाही राग आला. हुंदक्यांतून पोरगी सांगत होती ते असं, की आधी वाटलं दोन दिवसांत विसरतील सगळे. एवढे लोक आपला एकही व्हिडिओ बघत नव्हते, हा काढला असता तर पेज बसलं असतं. मग चिमणी बोलायची बंद झाली. मग वाटलं, आता ती रागावलीच आहे, तर काढून तरी काय उपयोग. "आणि तुझ्या आठ ऑर्डरी त्यानेच आल्या. तू किती खूश होतीस."

हे मात्र खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच बाईंचा आणखी संताप झाला. कुणावर चिडावं? लेकीवर, त्या वर्गावर, फोनवर, की वही उघडी टाकणाऱ्या स्वतःवर? व्हिडिओ निघाला. बैल गेला नि झोपा केला. तो फोटो तर चाळीस पोरांच्या फोनमध्ये होताच. टीप चुकली तर उसवता येते. हे कुठून उसवायचं?

रात्रभर एकच विचार. सांगायचं की नाही? पोरीने शपथ घातलीय. माप तोंडाने उच्चारायचं नाही, हा आत्याचा नियम. तिची अब्रू या दुकानातून एकदा गेलीच आहे, आता आपण स्वतःच्या पायाने जाऊन दुसऱ्यांदा घालवायची? पण गप्प बसलं तर? ती हाडं डोळ्यांसमोरून हलेनात. सकाळी बाईंनी ठरवलं, नियम गेला चुलीत.

संध्याकाळी चार वाजता त्या ठकीला घेऊन चिमणीच्या घरी गेल्या. ठकी येत नव्हती, हाताला धरून आणली. दार चिमणीच्या आईने उघडलं. कारखान्याचा ॲप्रन अजून अंगावर होता. चिमणी आतल्या खोलीत, दार लोटलेलं.

"या या बाई. ड्रेस झाला का? सैल झाला असेल ना आता?" चिमणीची आई कौतुकाने हसली. "आमच्या घराण्यात सगळे जाडजूड. ही तेवढी सुधारली बघा. कारखान्यातल्या बायका फोटो बघून विचारतात, पोरीला काय खायला घालतेस."

"काय घालता?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"ताई, मी कुणाचं माप कधी कुणाला सांगत नाही. तुम्हालाच सांगते. सात आठवड्यांत कमरेला सहा इंच उतरलेत. अडतीसचे बत्तीस. दंडावर बाही लोंबतेय. हे सुधारणं नाही. ही पोर जेवत नाहीये."

"काहीतरीच काय. डबा रोज रिकामा आणते ती." वाक्य संपेपर्यंत चिमणीच्या आईच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. डबा रिकामा येतो, पण रिकामा कोण करतं, हा विचार तिच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला असावा. ती खुर्चीत बसली.

मग बाईंनी वहीचं सांगितलं, व्हिडिओचं सांगितलं, अडतीसचं सांगितलं. स्वतःच्या हूंचंही सांगितलं, काही झाकलं नाही. चिमणीची आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे कान लाल झाले.

"म्हणजे हे सगळं तुमच्या दुकानातून झालं."

"माझ्याच दुकानातून झालं."

"लहानपणापासून तुमच्या जिवावर सोडली होती हो मी तिला."

बाईंनी मान खाली घातली. चिमणीची आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उद्या रजा टाकते. डॉक्टरकडे नेते. परवाही टाकते." आणि ॲप्रनची गाठ सोडायला लागली, ती सुटेना.

आतलं दार उघडलं. चिमणी तिथे कधीची उभी होती कोण जाणे. अंगात तोच स्वेटर.

"सांगितलंत ना?" ती बाईंना म्हणाली.

"सांगितलं. धर माझ्यावर राग, जन्मभर धर. पण ड्रेसचं कापड मी कापणार नाही."

चिमणी ठकीकडे वळली. ठकी भिंतीला चिकटून उभी होती, बालवाडीत पहिल्या दिवशी उभी राहिली असेल तशी.

"काढला मी तो," ठकी पुटपुटली. "काल संध्याकाळी काढला."

"माहितीये. किती व्ह्यूज झाले होते?"

"एक लाख बारा हजार चारशे सहा," ठकी म्हणाली. तिला आठवावंसुद्धा लागलं नाही. बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

"त्यात माझेपण आहेत," चिमणी म्हणाली. आवाज चढवला नाही, जुनी चिवचिव तर नव्हतीच. "तू काढलास का ते बघायला मी रोज उघडायचे. उठल्यावर, सुट्टीत, झोपताना. दर वेळी वाटायचं आता काढला असशील. सात आठवडे बघत होते."

मग ती आईजवळ गेली आणि तिच्या ॲप्रनची गाठ सोडायला बसली.